चौथ्या ताग्याचा लाल टाका

९ मार्च

धाकटीस मोठीकडून आशीर्वाद, घ्यावेसे वाटले तर घे.

तुला ‘तू’ लिहावं की ‘तुम्ही’, यात माझा सकाळचा चहा गार झाला. तू गाव सोडलंस त्याला बावीस वर्षं झाली, ती काही थोडी नाहीत. त्यात तू आता त्या शिवणकामाच्या संस्थेत कटिंगची मुख्य झालीस, तुझ्या सहीशिवाय तिथं कात्री हलत नाही असं ऐकलं. ‘तुम्ही’ लिहून पाहिलं, पण हात अडखळायला लागला. तिसरीपर्यंत शिकलेला हात, आता नवीन वळण घेत नाही. तेव्हा तूच.

हे पत्र मी स्वतः लिहिते आहे, हे आधीच सांगून ठेवते. पूर्वी मी सांगायची आणि हे लिहायचे, आणि मधलं चांगलं चांगलं सगळं गाळून टाकायचे. म्हणायचे, माणसानं मुद्द्याचं लिहावं. ते गेले त्याला सहा वर्षं झाली. आता गाळणारं कोणी नाही, तर वाचताना तुझी तूच गाळ.

माझं उत्तम चाललंय. एक गुडघा दुखतो, एक नाही, त्यामुळे जिना उतरताना कुठल्या पायावर विश्वास ठेवायचा ते पक्कं ठाऊक असतं. भावजींच्या गुडघ्यांचं काय? दोघा भावांचे गुडघे सारखेच होते. दुकान म्हणजे आता पुढची खोली तेवढी उरली आहे. मी फक्त काजं करते. मशीनची काजं कुठंही मिळतात, पण हातच्या काजांचे शौकीन अजून चार-दोन आहेत. त्यातला एक म्हातारा वकील तर काजं बघायला चष्मा बदलतो.

खरी आनंदाची गोष्ट म्हणजे माझी नात, लेकीची लेक. तू गेलीस तेव्हा ती जन्मलीही नव्हती. आम्ही तिला टाचणी म्हणतो. बारीक आहे, टोकदार आहे, आणि नको तिथं बरोबर सापडते. तिची आई बेकरीत पहाटेच्या पाळीला जाते म्हणून पोर माझ्याकडेच वाढली, कटिंग टेबलाखाली. आता एकोणीस वर्षांची आहे. खांदा असा कापते की मी बघतच बसते. तुझ्यासारखा, असं म्हणणार होते, पण तुला वाटेल मी लोणी लावते आहे. लावते आहेच थोडं.

तर तिला तुझ्या संस्थेत शिकायचं आहे. प्रवेशाच्या परीक्षेत इंग्रजीचा एक पेपर असतो म्हणे. कापडाला इंग्रजी कशाला लागतं ते मला कळलेलं नाही, पण असतो. म्हणून ती रोज दुपारी एक क्रियापद पाठ करते. क्रियापद म्हणजे माणूस जे करतो ते. मी समोर बसून काजं करते आणि ती मोठ्यानं वाचते. अर्थ सांगते, त्याची वाक्यं करते, मग माझ्याकडूनही एक करून घेते आणि वहीत माझ्या नावानं लिहिते. वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी माझ्या नावावर बेचाळीस इंग्रजी वाक्यं आहेत. त्यातलं पहिलं, ‘आय कट, यू पे’. टाचणी म्हणाली, हे एकदम बरोबर आहे.

आता मुद्द्याचं. संस्थेचं मुलींचं वसतिगृह भरलेलं आहे, तसं पत्र आलं. तुझ्या घरी एक खोली रिकामी असते असं ऐकलं. वर्षभरासाठी पोरीला ठेवून घेशील का? परीक्षेत मदत कर असं मी म्हणत नाही, ते ती बघून घेईल. पण राहायची सोय झाली नाही तर तिची आई पाठवणार नाही, हे अगदी ठरलेलं आहे. एक मेपर्यंत अर्जावर राहण्याचा पत्ता लिहावा लागतो.

जुनं मनात ठेवू नकोस. ते कोटांचं झालं तेव्हा सगळे तुझ्यावर तुटून पडले होते आणि मी एकटी तुझ्या बाजूनं बोलले होते, ते तुला आठवत असेलच.

तुझी मोठी जाऊ


२१ मार्च

धाकटे,

तुझं कार्ड मिळालं. अक्षर अजून तसंच, आखल्यासारखं. मी शेजारणीलाही दाखवलं, फक्त पत्त्याची बाजू दाखवली.

कार्डावर दोनच ओळी. ‘मुलीचं नंतर बघू. आधी मला सांगा, चौथ्या ताग्याला टाका कोणी घातला?’

तू मला ‘तुम्ही’ लिहिलंस. बरं.

मी माझ्या आठवणीप्रमाणे सांगते, कुठं चुकलं तर सांग. हॉस्पिटलचे चाळीस कोट होते. काम तू आणलं होतंस, ते कोणी नाकारत नाही. पांढऱ्या ड्रिलचे, त्या जाड सुती कापडाचे, चार तागे आले. आपल्या दुकानाची रीत अशी की सुती कापड आधी पाण्यातून काढायचं, वाळवायचं, इस्त्री मारायची, म्हणजे जे आटायचं ते आधीच आटतं. मग ताग्याच्या किनारीला लाल दोऱ्याचा एक टाका घालायचा. टाका दिसला की कापणारीनं विचारायचं नाही, सरळ कात्री लावायची. रीत सासूबाईंची. त्यांना घरात कुणाशीच बोलायला आवडायचं नाही, म्हणून काढली असणार.

तर चौथा तागा पाण्यातून काढलेलाच नव्हता, आणि टाका मात्र होता. तू तो कापलास. पहिल्याच धुण्यात दहा कोट आटले. बाह्या मनगटाच्या चार बोटं वर गेल्या आणि पोटावर बटण लागेना. मेट्रनबाई स्वतः दुकानात आल्या, ते कोट एकावर एक टेबलावर ठेवले आणि कापणारी कोण म्हणून विचारलं. तू पुढं झालीस. टाका होता, असं तू सारखं सांगत होतीस. कोणी ऐकलं नाही. मेट्रनबाईंनी दुसऱ्या दोन हॉस्पिटलांनाही कळवलं. त्यानंतर तुझ्या हाताखाली कापड द्यायला कोणी तयार होईना, आणि सहा महिन्यांत तू आणि भावजी गाव सोडून गेलात.

आता टाका कोणी घातला म्हणशील तर बाई, माझा आपला अंदाज आहे. इस्त्रीवाले काका. म्हातारे झाले होते, डोळ्यांना दिसायचं कमी, तागा इस्त्रीचा झाला की आपण होऊन टाका घालायचे कधी कधी. चुकून घातला असेल. आता ते नाहीत, देव त्यांचं भलं करो. त्यांना आता कुठं विचारणार?

आणि एक सांगते, रागावू नकोस. कोट आटले नसते तर तू इथंच राहिली असतीस, माझ्यासारखी काजं करत. आज मुख्य झालीस. कधी कधी मी टाचणीला म्हणते, बघ, वाईटातून काय चांगलं निघतं. ती विचारते, कुठलं वाईट? मी म्हणते, असंच.

पोरीची परीक्षा पाच एप्रिलला आहे. ती एवढं पाठ करते आहे की झोपेतही ‘टु बी’ म्हणते. खोलीचं कळव.

मोठी


२ एप्रिल

धाकटे,

कार्ड मिळालं. पकडलंस. मला वाचून आधी हसूच आलं, मग नाही आलं.

तू लिहितेस, काका त्या आठवड्यात कामावर नव्हते, त्यांचा हात भाजला होता आणि त्यांचा डबा तूच नेऊन देत होतीस. खरं आहे. मला आता स्पष्ट आठवतंय, उजवा हात, केळीच्या पानाएवढी पट्टी. गेलेल्या माणसाच्या नावावर काही खपवायचं म्हणजे निदान त्याचा हात धड होता का ते तरी बघावं. तेवढंही मला सुचलं नाही.

जरा दुसरंच सांगते, मग येते त्यावर.

परवाच्या दुपारी टाचणीच्या पुस्तकात दोन क्रियापदं शेजारी शेजारी आली. मिसगाइड आणि मिसलीड. दोन्ही जुळ्या बहिणींसारखी. मी म्हटलं, एकच पाठ कर, वेळ वाचेल. ती म्हणाली, आजी, फरक आहे. मिसगाइड म्हणजे चुकीची वाट दाखवणं. दाखवणाऱ्याला स्वतःलाच वाट माहीत नसली तरी ते होतं, बिचाऱ्यानं चांगल्या मनानं सांगितलेलं असलं तरी होतं. मिसलीड म्हणजे समोरच्याच्या मनात खोटा समज तयार करणं. आपल्याकडे दिशाभूल म्हणतो तसं. तेही कधी कधी नकळत होतं, पण लोक बहुतेक वेळा वापरतात ते जाणूनबुजून केलेल्याला.

मग मला वाक्य कर म्हणाली. मी केलं, ‘द टेलर मिसलेड द बटन’. माझ्या मते छान होतं. ती म्हणाली, बटणाची दिशाभूल होत नाही, ज्याला समज होऊ शकतो त्याचीच होते. माणूस पाहिजे. मी म्हटलं, कुत्रा चालेल का? ती म्हणाली, कुत्रा चालेल, पण परीक्षेत नको.

मग ती नमुन्याची वाक्यं वाचत होती. जाहिरातीनं गिऱ्हाइकांची दिशाभूल केली. मंत्र्यांनी सभागृहाची केली. एका वाक्यात तर कोणी केली तेच नव्हतं, ‘वी वेअर मिसलेड’, आमची दिशाभूल झाली. ते मला फार आवडलं. असं काही झालं की करणारा कुठं दिसतच नाही, पाऊस पडल्यासारखं. मी तिला म्हटलं, हेच माझ्या नावानं लिही. ती म्हणाली, आजी, हे पुस्तकातलं आहे, तुझं कर.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं, की तुझी दिशाभूल झाली.

हे वाचून तू पत्र फाडशील, म्हणून आणखी थोडं सांगते. टाका मी घातला. मंगळवारी तीन तागे पाण्यातून काढले, ते ओले तागे उचलून दोरीवर टाकायचे म्हणजे कंबर कामातून जाते, तुला माहीत आहे. चौथा राहिला. म्हटलं उद्या सकाळी काढू, आणि सुई हातात होती म्हणून टाका घालून ठेवला. सकाळी विसरले. दमलेल्या बाईची चूक. म्हणजे टाचणीच्या भाषेत ते मिसगाइडच झालं, जुळ्यांतली गरीब बहीण.

परीक्षा तीन दिवसांवर आली आहे. पोरीनं जेवण कमी केलंय. खोलीचं कळवशील ना?

मोठी


१५ एप्रिल

धाकटे,

तुझं कार्ड नाही. रोज पोस्टमन येतो त्या वेळी मी दारात काजं करत बसते. त्याला वाटतं मी ऊन खाते.

टाचणी परीक्षेत पास झाली. इंग्रजीत शंभरात एक्याऐंशी. तिच्या आईनं बेकरीतून एवढा मोठा पाव आणला की दारातून आडवा आणावा लागला. सगळ्या गल्लीला वाटला. मी आनंदानं नाचले असते, पण एक गुडघा नाही म्हणाला. फक्त अर्जावर राहण्याच्या पत्त्याची जागा रिकामी आहे आणि सोळा दिवस उरले आहेत. ती जागा मी रोज बघते. टाचणी बघत नाही. तिनं मनाशी धरून ठेवलंय की आजी लिहिते आहे म्हणजे होणारच.

काल मी तिला विचारलं, परीक्षा झाली, आता सांगून टाक. समजा एखादी बाई काहीच बोलली नाही. तोंडातून एक शब्द खोटा नाही. नुसती खूण करून ठेवली आणि गप्प बसली. त्याला ते मिसलीड लागू होतं का? माझा समज असा होता की खोटं बोलल्याशिवाय कुणाची दिशाभूल होत नाही. बावीस वर्षं मी हेच धरून बसले होते की मी खोटं बोललेच नाही, मला कोणी विचारलंच नाही.

तिनं पुस्तक न उघडताच सांगितलं. लागू होतं. बोलायची गरज नाही. खरं बोलूनसुद्धा होतं. कोणी अर्धंच खरं सांगितलं, किंवा नुसतं गप्प राहिलं, आणि त्यातून दुसऱ्याचा खोटा समज झाला, तरी ते मिसलीडच. आणि केलेलं जाणूनबुजून होतं हे अगदी स्पष्ट करायचं असेल तर त्याला मुद्दाम हा शब्द जोडतात, म्हणजे पळवाट राहत नाही. हे सगळं ती नखांना तेल लावत सांगत होती.

तर आता पळवाट न ठेवता लिहिते. मधे थांबले तर पुन्हा लिहायची नाही, म्हणून एका बैठकीत.

मेट्रनबाई नमुन्याचा कोट बघायला आल्या होत्या, आठवतं? त्यांनी खांद्यावरून हात फिरवला आणि हा कोणी कापला विचारलं. ह्यांनी तुझ्याकडे बोट दाखवलं. मग त्या अर्धा तास तुझ्याशीच बोलत बसल्या, काखेत किती सोडायचं, खिसा कुठं हवा. मी बाजूला उभी. जाताना माझ्याकडे वळून म्हणाल्या, तुम्ही काजं करता वाटतं? आणि त्या गेल्यावर ह्यांनी माझ्या गळ्यातला टेप काढून तुझ्या गळ्यात घातला. म्हणाले, आजपासून मापं धाकटीच घेईल. सगळे हसत होते. तूही हसलीस, पण तुला त्यात काही वावगं दिसलं नसणार. तुला कात्री धरायला मी शिकवलं होतं. तुझ्या अंगठ्याला घट्टा पडला तेव्हा चिंधी बांधून दिली होती.

त्यानंतरचा मंगळवार. मी दमले नव्हते. विसरले नव्हते. तीन तागे पाण्यातून काढले, वाळवले, इस्त्रीही मीच मारली, कारण काका नव्हते. तिन्हींना टाके घातले. चौथा कोरडा तसाच भिंतीशी उभा होता, त्याला हात लावायला मला पूर्ण दिवस होता. मी त्याला इस्त्री फिरवली, म्हणजे घडी सारखी दिसावी. मग टाका घातला. मला माहीत होतं की सकाळी तू कात्री लावशील आणि विचारणार नाहीस, कारण टाका असला की विचारायचं नाही. कोट जरासे आटतील, मेट्रनबाई चार शब्द बोलतील, आणि टेप परत येईल, एवढाच माझा हिशेब होता. दहाही कोट वाया जाण्याइतके आटतील आणि तुझं सगळं कामच जाईल असं वाटलं नव्हतं. हेही खरं आहे. पण ते पुढं करून मी स्वतःला सोडवून घेत नाही.

आणि ज्याचा मी पहिल्या पत्रात तोरा मिरवला, ते तुझ्या बाजूनं बोलणं. तुला शब्द आठवत असतील. सगळ्यांसमोर मी म्हणाले होते, ‘जाऊ द्या हो, नवीन आहे, शिकेल.’ तुला दुकानात तेव्हा सहा वर्षं झाली होती. त्या एका वाक्यानं दहा कोटांपेक्षा जास्त काम केलं. तू माझ्याकडे बघितलंस. मला वाटलं तुला सगळं कळलं. मग वाटलं नाही कळलं. मला त्या दिवशी बरं वाटलं होतं. हे लिहायला सगळ्यात जास्त वेळ लागला, मधे दोन काजं करून आले.

टेप परत आला. संध्याकाळीच.

मी तुझी दिशाभूल केली, मुद्दाम. खोलीसाठी हे लिहिलं असं तुला वाटेल. खोली नसती तर लिहिलं असतं का? नसतं. खरं ते हे. पण लिहिलं आहे ते खोलीपुरतं खरं नाही, सगळं खरं आहे.

हे पत्र टाचणीच्या हाती देत नाही. मीच जाऊन पेटीत टाकते.

मोठी


२४ एप्रिल

धाकटे,

कार्ड मिळालं. तीन ओळी. ‘मुलगी राहील. निघायच्या आधी हे सगळं तिला सांगा, मी सांगणार नाही. तुम्ही येऊ नका.’

मी तुझा पत्ता अर्जावर आधी लिहून घेतला, माझ्या हातानं, सावकाश, एकही अक्षर चौकटीबाहेर नाही. मला इतका आनंद झाला की तिसरी ओळ मी दुसऱ्यांदा वाचताना वाचली. समजली. मी येणार नाही.

सांगायचं मात्र तीन दिवस टाळलं. तुझ्यापासून काय लपवू? म्हटलं गाडीत बसली की सांगू, खिडकीतून. मग वाटलं, ते पुन्हा तसंच होईल, अर्धं ऐकू जाईल आणि गाडी सुटेल. म्हणून काल दुपारी सांगितलं. ती कटिंग टेबलावर बसून न्यायच्या उशीला अभ्रा शिवत होती. मी सगळं सांगितलं, तुला लिहिलं तसंच, इस्त्री फिरवलेलीसुद्धा. तिनं हातातलं काम थांबवलं नाही. शिवण पूर्ण केली, दोरा तोडला. मला वाटलं रडेल किंवा भांडेल, त्याची मी तयारी केली होती. तिनं फक्त विचारलं,

‘आजी, तू मला जे जे शिकवलंस, त्यातलं किती खरं आहे?’

मी म्हटलं, सगळं. मग म्हटलं, थांब, आठवू दे.

आणि बाई, आठवायला बसले तर एक गोष्ट निघाली. गेल्या वर्षीही तिला तुमच्या संस्थेचा अर्ज भरायचा होता. मी तिला सांगितलं होतं की तारीख उलटून गेली, मी विचारून आले. मी विचारायला गेलेच नव्हते. तारीख उलटायला तीन आठवडे बाकी होते. घरात ती होती, दुपारी समोर बसून बडबडायची, मला अजून एक वर्ष हवं होतं. त्या वर्षातच ती सगळी क्रियापदं झाली. इतकं छान वर्ष माझ्या आयुष्यात दुसरं नाही. ते तिच्या आयुष्यातून काढून घेतलेलं होतं.

हे तू विचारलं नव्हतंस, तिलाही माहीत नव्हतं, आणि मी गप्प राहिले असते तर कुणालाही कळलं नसतं. मी तिला तेही सांगितलं.

त्यावर ती उठून आत गेली. आज सकाळी माझ्याआधी उठली होती. बघते तर बादलीत चिंध्या भिजत घातलेल्या. सुती, लोकरीची, रेशमी, सगळ्यांचे एकेक वीतभर तुकडे, कडेला आधीची मापं शाईनं लिहिलेली. लोकर गार पाण्यात आटत नाही, गरम पाण्यात आटते, असं मी तिला लहानपणी सांगितलं होतं. ते आधी तपासायला घेतलं. मग काजाची लांबी, मग उलटी-सुलटी बाजू ओळखायची खूण. दिवसभर एकेक गोष्ट काढत होती आणि स्वतः करून बघत होती. मी दारात बसले होते, मला काही विचारत नव्हती. संध्याकाळी वहीत लिहून झाल्यावर म्हणाली की दोन गोष्टी चुकीच्या निघाल्या. त्या मला खरंच माहीत नव्हत्या, मीही तशाच शिकले होते. तिनं वर बघून विचारलं, हे मिसगाइड धरू का? मी म्हटलं, तुझं तू ठरव. तिनं धरलं.

तुझ्या संस्थेचा वर्ग एक जूनला सुरू होतो, ती तीस मेला दुपारच्या गाडीनं पोचेल. डाव्या हातानं कापते, तेवढं चालवून घे. भूक लागली तरी सांगत नाही. खोलीला कडी आहे ना, ते तिच्या आईनं विचारायला सांगितलंय.

आणि एक सावध करून ठेवते. तुझं अक्षर, तुझं पद, तुझी बावीस वर्षं, यातल्या कशाचंही तिच्यावर दडपण येणार नाही. तू काही सांगितलंस की ती मान डोलावणार नाही, ‘कशावरून?’ असं विचारेल. वर्गात सगळ्यांसमोर विचारेल. आजच सकाळी पोस्टमननं सांगितलं की उद्या सुट्टी आहे, तर त्यालाही विचारलं. उद्धट नाही ती. हे तिला मी शिकवलेलं नाही, पण माझ्यामुळे शिकली आहे.

राग मानू नकोस, उत्तर देत जा.

मोठी